अणंगूंची घरे, अणंगूंची मुले

लहान मुलांच्या आरोग्याचा इतिहास लिहावयाचा झाला, तर तो बहुधा औषधांचा आणि लशींचा इतिहास म्हणून लिहिला जातो. देवी, घटसर्प, गोवर, धनुर्वात यांवर माणसाने मिळविलेला जय हा त्या इतिहासाचा दर्शनी भाग होय. परंतु त्याच्या पाठीशी दुसरा एक इतिहास उभा आहे. तो नळाच्या तोटीचा, मोरीच्या उताराचा आणि सांडपाण्याच्या वाटेचा इतिहास आहे. युरोपातील शहरांत मृत्यूचे प्रमाण उतरू लागले, ते प्रतिजैविक औषधांचा शोध लागण्याच्या कितीतरी आधी. शुद्ध पाणी, बंद गटारे आणि बरी घरे यांचा त्यात मोठा वाटा होता. शहरांच्या बाबतीत हे सत्य सर्वांनी मान्य केले. मात्र जगाच्या आडवाटेला राहणाऱ्या आदिम जमातींच्या बाबतीत ते मान्य व्हावयास फार काळ जावा लागला. तेथे मूल आजारी पडले की दोष आईच्या अज्ञानाला लावला जाई, आणि घर मोडले की दोष तेथे राहणाऱ्यांच्या रानटीपणाला. ही समजूत कशी रूढ झाली आणि ती कशी खोटी ठरली, याची कथा मध्य ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात घडली आहे.

ऑस्ट्रेलिया खंडात आदिवासींचे वास्तव्य पन्नास हजारांहून अधिक वर्षांचे आहे. खंडाच्या मध्यभागी मसग्रेव्ह नावाच्या डोंगररांगांच्या आसपास पिचंजारा आणि त्यांच्याशी निकट नाते सांगणाऱ्या भाषा बोलणारे लोक राहतात. ते स्वतःस ‘अणंगू’, म्हणजे ‘माणसे’ असे म्हणवितात. त्या प्रदेशात उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांच्या वर चढतो आणि हिवाळ्याच्या रात्री पाणी गोठते. पाऊस बेभरवशाचा आहे. अशा भूमीत हे लोक पाण्याच्या आणि शिकारीच्या मागाने फिरत. त्यांचा निवारा म्हणजे फांद्या वाकवून, वर काटेरी गवताचे छप्पर घालून केलेली ‘विल्जा’ नावाची खोपी. थंडीवाऱ्यापासून बचावासाठी नुसता फांद्यांचा आडोसा आणि दोहो बाजूंस विस्तव एवढ्यावरही भागत असे. परक्या प्रवाशांना हे दारिद्र्याचे लक्षण वाटले. परंतु त्या खोपीत एक मोठा गुण होता, तो असा की ती सोडून देता येत असे. जागा घाण झाली, पाणी आटले, की मुक्काम हले. कोणी मरण पावले, तर शोकाचा विधी म्हणून ती जागा सोडण्याची रीतच होती. गावाला झाडूवाला नव्हता; ऊन, वारा आणि काळ हेच तेथील झाडूवाले होते. माणसे पुन्हा त्या जागी येत, तोवर ती शुद्ध झालेली असे.

१७८८ साली सिडनीच्या किनाऱ्यावर इंग्रजांची पहिली वसाहत झाली आणि पुढच्याच वर्षी देवीच्या साथीने तेथील आदिवासींची दाणादाण उडविली. मध्य भागातील वाळवंटापर्यंत गोऱ्या माणसाचे पाऊल पोहोचण्यास आणखी बराच काळ लागला. परंतु ते पोहोचले तेव्हा जे किनाऱ्यावर घडले तेच थोड्याफार फरकाने येथेही घडले. पाणवठ्यांवर गुरांचे मोठमोठे वाडे बसले. ज्या जागी माणसे महिना-पंधरा दिवस राहून पुढे जात, त्या जागी ती आता वर्षानुवर्षे राहू लागली. मजुरीच्या बदल्यात पीठ, साखर आणि चहा मिळू लागला. भटक्या जीवनाची खोपी तशीच राहिली, भटकणे मात्र थांबले. आणि त्याबरोबर त्या खोपीचे सारे गुण दोषांत पालटले. एका जागी साठलेली घाण, एका जागी साठलेली कुत्री, सामाईक हौदाचे पाणी आणि धूळ यांच्यामध्ये मुले जन्मू लागली. १९४४ ते १९४६ या काळात रोनाल्ड आणि कॅथरीन बर्न्ट या मानववंशशास्त्रज्ञ दांपत्याने उत्तर प्रांतातील गुरांच्या वाड्यांवरील आदिवासी मजुरांची पाहणी केली, तेव्हा मोडक्या पत्र्यांच्या खोपटांत राहणाऱ्या या लोकांमध्ये मुले जन्मण्याचे प्रमाण अल्प आणि जन्मलेली जगण्याचे त्याहून अल्प असल्याचे त्यांना आढळले. त्यांचा तो वृत्तांत पुस्तकरूपाने प्रसिद्ध होण्यास १९८७ साल उजाडले, ही गोष्टही बोलकी आहे.

त्या काळी सहानुभूतीने पाहणारे लोक नव्हतेच असे नाही. ॲडलेड येथील शस्त्रवैद्य डॉ. चार्ल्स ड्यूगिड यांच्या खटपटीने १९३७ साली मसग्रेव्ह डोंगरांच्या पायथ्याशी एर्नाबेला येथे प्रेस्बिटेरियन पंथाचे एक मिशन उघडले. आदिवासींच्या चालीरीतींवर जबरदस्ती करावयाची नाही आणि मुलांना त्यांच्याच भाषेत शिकवावयाचे, असा तेथील दंडक होता. त्या काळाच्या मानाने ही उदारता असाधारण म्हटली पाहिजे. मिशनमध्ये दवाखाना होता, दूध होते, शाळा होती. तथापि वस्तीची मूळ अडचण त्यामुळे सुटली नाही. जेथे माणसे दाटीने राहतात आणि जेथे हात-तोंड धुण्यास पाणी हाताशी नाही, तेथे दवाखान्यातून बरे होऊन गेलेले मूल आठवड्याने पुन्हा त्याच दाराशी येते. या दुष्टचक्राची जाणीव पुढे चाळीस-पन्नास वर्षे प्रत्येक परिचारिकेला होत राहिली.

दुसऱ्या महायुद्धानंतर ऑस्ट्रेलियन सरकारने ‘समावेशना’चे धोरण स्वीकारले. आदिवासींनी यथाकाल गोऱ्या समाजासारखे व्हावे, हा त्याचा गाभा होता. घर हे त्या कामी एक शिक्षक मानले गेले. प्रथम अगदी प्राथमिक निवारा द्यावयाचा, त्यात कुटुंब नीटनेटके राहू लागले की पुढच्या पायरीचे घर द्यावयाचे, आणि शेवटी शहरी धर्तीचे पुरे घर, अशी ती चढती भाजणी होती. उत्तर प्रांतात या पहिल्या पायरीसाठी ॲल्युमिनियमच्या पत्र्याच्या एकखोली झोपड्या उभारण्यात आल्या. खाली सिमेंटची फरशी, वर-भोवती धातूचा पत्रा. आत पाणी नाही, मोरी नाही, चूल नाही. न्हाणीघरे आणि शौचकूप सर्वांत मिळून वेगळ्या इमारतीत. उन्हाळ्यात या झोपड्या भट्टीसारख्या तापत आणि हिवाळ्यात गारठत. लोक त्यांत सामान ठेवीत आणि बाहेर आडोशाला झोपत. अधिकाऱ्यांनी याचा अर्थ असा लावला की, या लोकांना अजून घरात राहता येत नाही. वस्तुतः त्या झोपडीतच कोणाला राहता येण्याजोगे नव्हते. परीक्षा विद्यार्थ्याची घेतली जात होती; नापास मात्र शिक्षक होता.

या धोरणाचा हिशेब बालमृत्यूंच्या आकड्यांत वाचावयास मिळतो. १९६० नंतरच्या दशकाच्या मध्यास उत्तर प्रांतात जन्मलेल्या दर हजार आदिवासी बालकांपैकी शंभराहून अधिक बालके पहिला वाढदिवस पाहत नसत. त्याच वेळी समग्र ऑस्ट्रेलियाचे प्रमाण हजारी सुमारे वीस होते. जगातील एका सधन राष्ट्राच्या पोटात एक दरिद्री राष्ट्र नांदत होते. आणखी नवलाची गोष्ट ही की, राज्यघटनेच्या १२७ व्या कलमान्वये देशाची लोकसंख्या मोजताना आदिवासींना जमेस धरले जात नसे. ज्यांची गणतीच नाही त्यांच्या मृत मुलांची गणती कोण करणार? २७ मे १९६७ रोजी झालेल्या सार्वमतात नव्वद टक्क्यांहून अधिक मतदारांनी ते कलम रद्द करण्याच्या बाजूने कौल दिला आणि हा कलंक घटनेतून पुसला गेला.

त्यानंतरचे दशक आदिवासींच्या जागृतीचे होय. १९६६ साली व्हिन्सेंट लिंगियारी यांच्या नेतृत्वाखाली गुरिंजी गुराखी संपावर गेले, तेव्हा प्रश्न मजुरीचा दिसत होता; तो लवकरच जमिनीचा झाला. १९७१ साली सिडनीच्या रेडफर्न भागात आदिवासींनी स्वतः चालविलेला पहिला दवाखाना उघडला, आणि १९७३ साली ॲलिस स्प्रिंग्ज येथे तशीच संस्था निघाली. १९७६ ते १९७८ या काळात डॉ. फ्रेड हॉलोज यांच्या पथकाने देशभर हिंडून एक लाखाहून अधिक लोकांचे डोळे तपासले. खुपऱ्यांचा रोग, जो शहरी ऑस्ट्रेलियातून केव्हाच नाहीसा झाला होता, तो वाळवंटातील मुलांच्या पापण्यांत जसाच्या तसा घर करून बसलेला त्यांना दिसला. खुपऱ्या हा घाणेरड्या चेहऱ्यांचा रोग आहे असे कोणी म्हणेल. परंतु चेहरा धुण्यास पाणी लागते, आणि पाणी येण्यास तोटी चालू लागते, हा विचार पुढे यावयास अजून अवकाश होता.

१९८१ साली दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या विधिमंडळाने पिचंजारा भूमिहक्काचा कायदा केला. त्यान्वये राज्याच्या वायव्य कोपऱ्यातील एक लाख चौरस किलोमीटरांहून मोठा प्रदेश अणंगूंच्या कायम मालकीचा झाला. महाराष्ट्राच्या सुमारे तिसऱ्या हिश्श्याएवढ्या या प्रदेशात वस्ती मात्र दोन-अडीच हजारांच्या आसपास. जमीन हाती आल्यावर आरोग्यही आपल्या हाती असावे असे त्यांना वाटले, आणि १९८३ च्या अखेरीस ‘नगानम्पा’ आरोग्य परिषद स्थापन झाली. ‘नगानम्पा’ म्हणजे ‘आमची’. दवाखाने चांगले चालू लागले, डॉक्टर आले, लसटोचणी नियमित होऊ लागली. तरीही मुलांची रीघ कमी होईना. त्यांच्या तक्रारी त्याच त्या होत्या : जुलाब, फुफ्फुसदाह, फुटलेले कान, खरूज, डोळ्यांची चिकचिक. खरूज हा क्षुल्लक रोग खरा; परंतु खाजवून झालेल्या जखमांत विशिष्ट जंतू शिरले की पुढे मूत्रपिंडे बिघडतात, आणि त्याच जातीच्या जंतूंच्या संसर्गामागून येणारा संधिज्वर हृदयाच्या झडपा निकामी करतो. चाळिशीतल्या माणसाच्या अकाली मृत्यूचे बीज अशा रीतीने त्याच्या पाळण्यातच पेरलेले असते.

या परिषदेचे त्या वेळचे संचालक यामी लेस्टर हे असामान्य गृहस्थ होते. १९५३ साली ब्रिटिशांनी दक्षिण ऑस्ट्रेलियातील इमू येथे अणुबाँबचा स्फोट केला. त्यानंतर काळे धुके आपल्या वस्तीवर आल्याचे आणि पुढे आपली दृष्टी गेल्याचे त्यांनी जगाला सांगितले होते. स्वतः अंध असलेल्या या माणसाला जे दिसले, ते अनेक डोळस तज्ज्ञांना दिसले नव्हते. १९८५ साली त्यांनी तीन जणांस एकत्र बोलाविले. पॉल फोलेरोस हे वास्तुकार, पॉल टोर्झिलो हे डॉक्टर आणि स्टीफन रेनो हे परिसर-आरोग्याचे जाणकार. त्यांच्यापुढे लेस्टर यांनी ठेवलेले काम एका वाक्यात मावणारे होते : औषधोपचार चालूच आहेत, माणसे आजारी पडणारच नाहीत असे काय करता येईल, ते शोधावे.

१९८७ साली या तिघांचा आणि त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या अणंगूंचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्याला ‘उवंकारा पाल्यान्यकू कान्यिंजाकू’ असे पिचंजारा नाव होते. सारे काही नीट करून नीट राखणे, असा त्याचा भावार्थ सांगता येईल. त्या अहवालात मोठमोठे सिद्धांत नव्हते. घर हे आरोग्याला कोणत्या कामी पडते, याचा विचार करून त्यांनी नऊ कामे क्रमवार मांडली. पहिले काम, माणसांना, विशेषतः पाच वर्षांखालील मुलांना रोज आंघोळ घालता आली पाहिजे. दुसरे, कपडे आणि अंथरूण-पांघरूण धुता आले पाहिजे. तिसरे, सांडपाणी सुरक्षितपणे दूर गेले पाहिजे. चौथे, अन्न साठविण्याची, रांधण्याची सोय हवी. पाचवे, दाटीचा उपद्रव कमी व्हावा. सहावे, जनावरे, कीटक आणि उंदीरघुशी यांचा त्रास कमी व्हावा. सातवे, धूळ आवरावी. आठवे, घरातील उष्मा आणि गारठा ताब्यात राहावा. आणि नववे, भाजणे, कापणे, पडणे यांसारख्या इजांचे धोके दूर व्हावेत. या क्रमालाही अर्थ आहे. ज्या कामाने सर्वाधिक आजार टळतात, ते आधी. विजेच्या धक्क्यासारखे जे तत्काळ प्राणावर बेतणारे, ते मात्र सर्वांच्याही आधी दुरुस्त करावयाचे, असा नियम त्यांनी ठेवला.

ही यादी कोणाही गृहिणीला नवी वाटणार नाही. परंतु प्रत्यक्ष तपासणीस आरंभ झाला तेव्हा तिचे मर्म उमगले. ‘घरात न्हाणीघर आहे’ असे सरकारी नोंदवहीत लिहिलेले असे. परंतु मुलाला आंघोळ घालता येणे म्हणजे काय? थंड पाण्याची तोटी फिरली पाहिजे, गरम पाण्याची फिरली पाहिजे, बंबातून पुरेसे ऊन पाणी आले पाहिजे, मोरीला उतार हवा, नळी तुंबलेली नसावी, आणि रात्री दिवा लागला पाहिजे. यांपैकी एक गोष्ट बिघडली की आंघोळ राहिली. त्या प्रदेशातील जमिनीखालचे पाणी क्षारांनी जड असल्यामुळे तोट्या आणि बंब पाहता पाहता चुनखडीने भरून जात. एक-दोन कुटुंबांसाठी म्हणून बांधलेल्या घरात प्रसंगी दहा-पंधरा माणसे राहत, कारण कोणाच्या घरी मृत्यू झाला की ते घर रीतीप्रमाणे काही काळ सोडावे लागे आणि आप्तांकडे आसरा घ्यावा लागे. न्हाणीघर एक, नहाणारे पंधरा. मग तोटी किती दिवस टिकणार?

पुढे हे काम अणंगूंच्या प्रदेशाबाहेर ऑस्ट्रेलियाभर पसरले आणि त्याला ‘आरोग्यासाठी घरे’ असे नाव मिळाले. १९९३ साली त्यावर याच तिघांचे पुस्तकही निघाले. या कामाचा पहिला दंडक असा होता की, सेवा नाही तर पाहणीही नाही. आदिवासींच्या वस्त्यांवर पाहणी करणारे आजवर पुष्कळ येऊन गेले होते. मोजमापे घेऊन ते जात आणि मागे गळका नळ तसाच गळत राही. आता तपासणीचे पथक हाती कागदांबरोबर पाने, पक्कड आणि पेचकस घेऊनच घरात शिरे. प्रत्येक घरात दोनशेंहून अधिक बाबी तपासल्या जात आणि जे हातोहात सुधारता येईल ते त्याच दिवशी सुधारले जाई. मोठ्या कामासाठी नळकारागीर आणि वीजकारागीर पाठोपाठ येत. तपासणी करणाऱ्यांत बहुसंख्य स्थानिक आदिवासी स्त्री-पुरुष असत, आणि त्यांना ते काम शिकवून त्याचा मोबदला दिला जाई. घरमालकिणीच्या संमतीवाचून उंबरठा ओलांडावयाचा नाही, हाही शिरस्ता होता.

सात हजारांहून अधिक घरांच्या तपासणीतून जे आकडे निघाले, ते विचार करावयास लावणारे होते. प्रथम तपासणीत विजेच्या दृष्टीने सुरक्षित घरे जेमतेम दहा टक्के भरली. आंघोळीची सोय चालू स्थितीत असलेली घरे सुमारे एक तृतीयांश. परंतु खरा धक्का होता तो बिघाडाच्या कारणांचा. आदिवासी आपली घरे मोडतात, हे वाक्य ऑस्ट्रेलियात पिढ्यान्पिढ्या म्हणीसारखे बोलले जाई. प्रत्येक बिघाडाचे कारण कारागिराने नोंदवावे असा नियम केल्यावर हिशेब असा लागला : सुमारे सत्तर टक्के बिघाड नित्याची देखभाल न झाल्याने, वीस टक्क्यांच्या आसपास मुळातच सदोष बांधकामाने, म्हणजे मोरीचा उतार उलटा, नळी जोडलेलीच नाही, अशा ठेकेदारी हलगर्जीपणाने, आणि राहणाऱ्यांनी केलेली नासधूस वा गैरवापर अवघा नऊ टक्क्यांच्या घरात. कोणत्याही शहरातील कोणत्याही चाळीला याहून फार वेगळा दाखला मिळणार नाही. एका साध्या नोंदीने शंभर वर्षांची निंदा खोटी पाडली.

आता प्रश्न उरतो तो हा की, तोट्या दुरुस्त करून मुले खरोखर कमी आजारी पडली काय? याचे सर्वांत भरवशाचे उत्तर न्यू साउथ वेल्स राज्यातून आले. तेथील आरोग्य खात्याने १९९८ ते २००८ या दहा वर्षांत दोन हजारांहून अधिक आदिवासी घरांत हे काम केले, आणि नंतर रुग्णालयांच्या नोंदींशी त्याचा ताळा घातला. ज्या घरांत दुरुस्त्या झाल्या, तेथील माणसांना संसर्गजन्य रोगांसाठी रुग्णालयात दाखल करावे लागण्याचे प्रमाण, दुरुस्त्या न झालेल्या ग्रामीण आदिवासींच्या मानाने, चाळीस टक्क्यांनी कमी आढळले. एखाद्या औषधाने एवढा गुण दाखविला असता, तर त्याचे नाव घरोघर झाले असते.

तथापि इतिहासाला एकांगी होऊन चालत नाही. याच सुमारास डार्विन येथील मेन्झीस आरोग्य संशोधन संस्थेच्या अभ्यासकांनी उत्तर प्रांतातील दहा वस्त्यांत नवी घरे बांधल्यानंतर मुलांच्या प्रकृतीवर काय परिणाम होतो ते पाहिले. घरे नवी झाली, परंतु मुलांच्या आजारांत ठाम आणि सरसकट घट दिसली नाही. याचे कारण असे की, नव्या घरांनी दाटी पुरेशी हटली नाही, आणि घराबरोबर देखभाल, पाणी, साबण, अन्न आणि मिळकत यांची जोड मिळाली नाही. या दोन निष्कर्षांत वरवर विरोध दिसतो. परंतु नीट पाहिल्यास ते एकच गोष्ट सांगतात. घर बांधणे हा एका दिवसाचा समारंभ आहे, घर चालते ठेवणे हे रोजचे काम आहे. फीत पहिल्याची कापली जाते. मूल दुसऱ्याने जगते. २००८ साली केंद्र सरकारने उत्तर प्रांतासाठी ६७ कोटी २० लाख डॉलरांची घरबांधणी योजना जाहीर केली, आणि वर्ष उलटले तरी एकही नवे घर पुरे न झाल्यामुळे तेथील राजकारणात वादळ उठले, हा प्रसंगही याच दृष्टीने ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

घराबरोबर आईचाही विचार स्वतंत्रपणे झाला. १९८७ साली ॲलिस स्प्रिंग्ज येथे आदिवासी स्त्रियांसाठी त्यांच्या रीतिरिवाजांचा मान राखणारे प्रसूतिगृह निघाले. १९९३ पासून उत्तर प्रांतात वस्तीतील वडीलधाऱ्या स्त्रियांनी तरुण गर्भवतींची विचारपूस करावी, त्यांना वेळेवर तपासणीस न्यावे, आहाराबद्दल चार गोष्टी सांगाव्यात, असा उपक्रम चालू झाला. घराची दुरुस्ती काय किंवा ही आजीबाईंची देखरेख काय, दोन्हींत सूत्र एकच. आरोग्य बाहेरून आणून वाटावयाचे नसून, वस्तीतल्या माणसांच्या हातांनी उभे करावयाचे असते.

मराठी मुलखाला हे सूत्र परके नाही. यामी लेस्टर वाळवंटात तिघांना बोलावीत होते, जवळजवळ त्याच काळात गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी आपल्या कामाला प्रारंभ केला होता. तेथील गोंड आदिवासींना रुग्णालयाच्या उंच भिंतींची धास्ती वाटे. तेव्हा त्यांच्याच सांगण्यावरून रुग्णालय त्यांच्या गावासारखे, कुटीकुटींचे बांधण्यात आले आणि दंतेश्वरी देवीचे नाव त्यास देण्यात आले. गावातील स्त्रियांना ‘आरोग्यदूत’ म्हणून शिकवून, नवजात बालकाची देखभाल त्याच्या घरीच करण्याची पद्धत तेथे उभी राहिली. ३९ गावांतील या प्रयोगाचा वृत्तांत १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. तिसऱ्या वर्षी, तुलनेच्या गावांच्या मानाने, नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचे त्यात नमूद आहे. अणंगूंच्या भूमीत घर आरोग्यास योग्य करण्यात आले. गडचिरोलीत आरोग्यसेवा घरात नेण्यात आली. दोन वाटा भिन्न, परंतु दोन्ही ठिकाणी मुक्काम बाळाच्या अंथरुणाशीच आहे.

ऑस्ट्रेलियाच्या कथेचा शेवट अद्याप लिहिला गेलेला नाही. २००८ साली, पंतप्रधान केव्हिन रड यांनी संसदेत आदिवासींची जाहीर क्षमा मागितली. त्याच सुमारास पाच वर्षांखालील मुलांच्या मृत्युप्रमाणातील तफावत दहा वर्षांत निम्म्यावर आणण्याचा संकल्प सरकारने सोडला. मुदत संपली तेव्हा सुधारणा झालेली होती, परंतु संकल्प सिद्धीस गेला नव्हता. २०२० साली आदिवासी संघटनांच्या सहभागाने नवा राष्ट्रीय करार झाला. त्यात २०३१ पर्यंत ९१ टक्के आदिवासी बालके निरोगी वजनाची जन्मावीत आणि ८८ टक्के आदिवासींना दाटी नसलेले घर लाभावे, ही दोन उद्दिष्टे एकाच कागदावर आली. बाळाचे वजन आणि घरातील खोल्या यांचा संबंध राज्यकर्त्यांनी अशा रीतीने मान्य केला, हे त्या वाळवंटातील अहवालाचेच यश म्हणावे लागेल. एके काळी हजारी शंभरावर असलेले बालमृत्यू आता एकआकडी संख्येच्या आसपास उतरले आहेत. तरीही इतर ऑस्ट्रेलियन बालकांच्या मानाने ते प्रमाण अद्याप सुमारे दुप्पट आहे.

पॉल फोलेरोस २०१६ साली आणि यामी लेस्टर २०१७ साली निवर्तले. त्यांनी घालून दिलेली नऊ कामांची यादी मात्र ऑस्ट्रेलियात चालू राहिली, आणि नेपाळमधील भट्टेडांडा नावाच्या खेड्यात शौचकूपे बांधण्याच्या कामीही तिचा उपयोग झाला. समाज सुधारावयाचा तर आधी माणसे सुधारली पाहिजेत, असे म्हणणाऱ्यांची परंपरा मोठी आहे. या यादीने त्यांना एवढेच विचारले की, माणसाच्या हाती चालती तोटी न देता, तो हात धूत नाही असा ठपका त्याच्यावर ठेवण्याचा अधिकार कोणाला पोहोचतो? ज्या राष्ट्राने हा प्रश्न स्वतःला प्रामाणिकपणे विचारला, त्याची मुले जगण्याचा संभव वाढला. जेथे तो अजून विचारला गेलेला नाही, तेथे औषधाची बाटली रिकामी होत राहील आणि दवाखान्याच्या दाराशी तेच मूल पुन्हा येऊन उभे राहील.